लाल रेघेचं प्रामाण्य : रस्त्यावरच्या वेगाचे विकतचे आकडे कसे तपासावेत?



तत्त्वज्ञानाचा माणूस बोलायला उभा राहिला की श्रोत्यांची अपेक्षा असते ब्रह्म, माया, मोक्ष अशा विषयांची. आजचा विषय मात्र जालना रोडवरचा आहे. आपल्या मोबाइलच्या नकाशावर क्रांती चौक ते सिडको हा रस्ता कधी हिरवा, कधी नारिंगी, तर कधी लाल दिसतो. ती रेघ आपल्यापुढे एक विधान करत असते : 'या रस्त्यावर आत्ता वाहनं अमुक वेगानं चालली आहेत.' हे विधान खरं आहे का, आणि ते खरं आहे हे कुणी व कसं ठरवायचं, एवढाच आजचा प्रश्न. ज्ञानाचं प्रामाण्य कशात असतं हा वाद आपल्या दर्शनांमध्ये दीड-दोन हजार वर्षं चाललेला आहे. तेव्हा आम्ही परक्याच्या शेतात शिरलोय असं समजू नका.

प्रथम ही रेघ तयार कशी होते ते पाहू. रस्त्यावर कुणी वेग मोजायला बसलेलं नसतं. आपल्या खिशातला फोन दर काही क्षणांनी आपली जागा कळवतो. काही ठिकाणी ट्रकमधलं किंवा टॅक्सीमधलं जीपीएस यंत्र कळवतं. कंपनी रस्त्याचे तुकडे पाडते, प्रत्येक तुकड्यावरून गेलेल्या फोनांचा वेग काढते, त्यात जुन्या दिवसांची माहिती मिसळते आणि एक आकडा तयार करते. गूगल, टॉमटॉम, हिअर, इनरिक्स ही या धंद्यातली मोठी नावं. भारतात गूगलनं ही रंगीत वाहतूक २०१२ मध्ये सुरू केली. तेव्हा यादीत सहा शहरं होती, आणि त्यांत महाराष्ट्रातली मुंबई व पुणे. आज आपल्या गावातला रिक्षावालाही ती बघून ठरवतो की मोंढा नाक्यावरून जायचं की आतून.

आपण ती फुकट बघतो, म्हणून तो विकाऊ माल आहे हे लक्षात येत नाही. पण हेच आकडे मालवाहतूक कंपन्या, सल्लागार संस्था आणि सरकारी यंत्रणा पैसे देऊन घेतात. शेंद्रा ते वाळूज अखंड उड्डाणपूल, मेट्रो, यांची चर्चा आपण गेली काही वर्षं ऐकतो आहोत. अशा कामांत शेकडो-हजारो कोटींचे निर्णय असतात, आणि 'इथे वाहतूक किती संथ आहे' हा आकडा त्या निर्णयाच्या मुळाशी असतो. वाळूजहून नगर नाक्यामार्गे घाटी रुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णवाहिकेचा चालकही तीच रेघ बघतो. म्हणून हा प्रश्न नुसत्या सोयीचा नाही.

आता कंपनी काय म्हणते ते ऐकू. २०२० मध्ये गूगलनं जाहीर केलं की प्रवासाला किती वेळ लागेल याचे त्यांचे अंदाज ९७ टक्क्यांहून अधिक प्रवासांत अचूक ठरतात. सत्त्याण्णव टक्के! आपल्याकडे कुणाला एवढे गुण मिळाले तर पेढे वाटतात. (हशा) पण तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी इथे हात वर करतो आणि विचारतो : अचूक म्हणजे किती जवळ? एक मिनिट इकडेतिकडे की दहा मिनिटं? आणि हे प्रवास कोणते? रात्री अकराला मोकळ्या रस्त्यावरचा प्रवासही त्यात मोजला असेल, तर तो अंदाज बरोबर येण्यात कौतुक कसलं? मोकळ्या रस्त्याचा अंदाज पानटपरीवरचा माणूसही बरोबर सांगतो.

हे जरा आकड्यांत पाहू. समजा, एका रस्त्यावर दिवसभरात १०० वेळा वेग तपासला. ९० वेळा खरा वेग ताशी ४० किलोमीटर होता आणि नकाशानंही ४० दाखवला. उरलेल्या १० वेळा कोंडी होती. खरा वेग १०, पण नकाशानं दाखवला ३०. आता सरासरी चूक काढा. नव्वद वेळा शून्य, दहा वेळा वीस, म्हणजे सरासरी अवघी २ किलोमीटर. जाहिरातीत छापावा असा हा आकडा. पण ज्या दहा वेळांसाठी आपण नकाशा उघडतो, नेमकं त्याच वेळी तो तिप्पट वेग सांगत होता. पाच किलोमीटरला दहा मिनिटं लागतील असं म्हणाला, लागली तीस. रुग्णवाहिकेत बसलेल्याला ती सरासरी काय कामाची?

दुसरी गंमत बघा. वेगातली चूक आणि वेळेतली चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरा वेग ५० असताना ६० दाखवला, तर पाच किलोमीटरला सहाऐवजी पाच मिनिटं सांगितली, म्हणजे चूक एका मिनिटाची. खरा वेग १० असताना २० दाखवला, तर तीसऐवजी पंधरा मिनिटं सांगितली, म्हणजे चूक पंधरा मिनिटांची. दोन्हीकडे वेगाची चूक तीच, ताशी १० किलोमीटर. म्हणून संथ रस्त्यावरची छोटी चूक ही मोठी चूक असते, हे सूत्र आजच्या व्याख्यानातून घरी न्या.

सरासरीचाही एक जुना सापळा आहे. दहा किलोमीटर ताशी २० नं गेलात, परत येताना ताशी ६० नं आलात. सरासरी किती? बहुतेक जण म्हणतील ४०. पण जायला ३० मिनिटं, यायला १० मिनिटं, वीस किलोमीटरला एकूण चाळीस मिनिटं. म्हणजे सरासरी ३०. वाहतूकशास्त्रात या दोन सरासऱ्यांचा भेद वॉर्ड्रॉप या इंग्रज संशोधकानं १९५२ मध्ये नीट मांडला. रस्त्याच्या कडेला एका जागी उभं राहून वाहनांचे वेग मोजले तर वेगवान वाहनांना जास्त वजन मिळतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लागलेला वेळ मोजला तर खरं चित्र मिळतं. कुणी 'सरासरी वेग' म्हणून आकडा पुढे केला, तर कोणती सरासरी, हे विचारणं हा पहिला शिष्टाचार आहे.

आता अशा आकड्यांचं मूल्यमापन कुणी गंभीरपणे केलं आहे का? केलं आहे, आणि ते कौतुकास्पद आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आय-९५ नावाचा महामार्ग अनेक राज्यांतून जातो. त्या राज्यांच्या संघटनेनं २००८ मध्ये इनरिक्स कंपनीकडून वेगाची माहिती विकत घ्यायला सुरुवात केली. माल घेतला, पण डोळे झाकून घेतला नाही. तपासणीचं काम मेरीलँड विद्यापीठाकडे दिलं. त्यांनी रस्त्याच्या कडेला ब्लूटूथ टिपणारी यंत्रं ठेवली. एखाद्या गाडीतल्या फोनचा ब्लूटूथ एका यंत्रापाशी टिपला गेला, पुढे काही मैलांवर दुसऱ्या यंत्रापाशी टिपला गेला. मधला वेळ मिळाला, अंतर ठाऊक होतं, वेग निघाला. कंपनीच्या हिशेबाशी संबंध नसलेलं हे दुसरं माप.

आम्हाला यातल्या दोन गोष्टी विशेष वाटतात. एक, त्यांनी चुकीचे दोन प्रकार वेगळे धरले. चुकीचा आकार एक, आणि चुकीचा कल दुसरा. एखादं घड्याळ कधी पाच मिनिटं पुढे, कधी पाच मिनिटं मागे असेल तर तो एक दोष. कायमच पाच मिनिटं पुढे असेल तर तो निराळा दोष. दोन, त्यांनी वेगाचे चार पट्टे पाडले आणि प्रत्येक पट्ट्याचा हिशेब स्वतंत्र ठेवला, म्हणजे मोकळ्या रस्त्याच्या पुण्याईवर कोंडीतलं पाप झाकलं जाऊ नये. अशा तपासण्यांत हेही वारंवार दिसलं की चूक कमी वेगाच्या पट्ट्यात अधिक असते आणि बहुधा वेग आहे त्यापेक्षा जास्त दाखवण्याकडे तिचा कल असतो.

पण ही मोजपट्टी जशीच्या तशी उचलून इथे आणली तर काय होईल? त्यांची सूट होती ताशी १० मैलांची, म्हणजे सरासरी चूक १६ किलोमीटरपर्यंत चालेल. ताशी शंभर किलोमीटरच्या महामार्गावर ती सूट ठीक आहे. त्यांचा सर्वांत खालचा पट्टा शून्य ते ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटरपर्यंतचा. अहो, आमचा जालना रोड दिवसा त्या एकाच पट्ट्यात जन्मतो आणि तिथेच राहतो! (हशा) खरा वेग १५ आणि दाखवलेला ३०, तरी चुकीच्या आकाराच्या या कसोटीवर तो माल पास. म्हणजे ज्या परीक्षेत नापास होणंच अवघड, ती परीक्षा आपल्या उपयोगाची नाही. त्याच संघटनेनं पुढे सिग्नलांच्या शहरी रस्त्यांचा अभ्यास केला, तेव्हा निष्कर्ष सावध होता : मैलाला एखादाच सिग्नल असेल तर हा डेटा वापरावा, दोनपेक्षा जास्त असतील तर वापरण्याची शिफारस नाही. तुम्ही उद्या क्रांती चौकातून निघा आणि मैलभरात, म्हणजे दीड-पावणेदोन किलोमीटरमध्ये, किती सिग्नल लागले ते मोजा.

सिग्नल असला की काय बिघडतं? सिग्नलच्या रस्त्यावर वाहनांचे दोन गट पडतात. हिरवा मिळाला तो ३५ नं निघून जातो, लाल मिळाला तो एकूण १२ नं जातो. त्यांची सरासरी काढून जो आकडा छापला जातो, त्या वेगानं एकही माणूस गेलेला नसतो. तुकड्याच्या लांबीचाही तोच प्रकार. आपलं गाव दरवाजांचं. मकाई दरवाजा घ्या, पाणचक्कीजवळचा महमूद दरवाजा घ्या. रस्ता येतो रुंद आणि कमानीत होतो चिंचोळा. समजा, एक किलोमीटरचा तुकडा आहे. त्यातले ९०० मीटर तुम्ही ताशी ३० नं गेलात, १०८ सेकंद लागले. शेवटचे १०० मीटर कमानीपाशी ताशी ३ नं सरकलात, १२० सेकंद लागले. एकूण २२८ सेकंद, म्हणजे तुकड्याचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर. नकाशा म्हणणार, रस्ता जरा संथ आहे. खरी गोष्ट अशी की रस्ता उत्तम आहे आणि दार अडलेलं आहे. उपाय कुठे करायचा, हे त्या १६ च्या आकड्यावरून कधीच कळणार नाही.

इथे आम्ही आमच्या शास्त्राकडे वळतो. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' हा न्यायशास्त्राचा प्राथमिक ग्रंथ. त्यात ज्ञानाचे दोन प्रकार केले आहेत, स्मृती आणि अनुभव. यथार्थ अनुभवाला प्रमा म्हणतात. स्मृती ही केवळ पूर्वीच्या संस्कारातून उगवते, म्हणून ती प्रमेत बसत नाही. ती खोटी असते असं नाही. पण तिचा आधार आत्ताच्या वस्तूत नसतो, कालच्या अनुभवात असतो. हा भेद कोरडा वाटतो ना? आता नकाशाला लावून पाहा. रस्त्यावर आत्ता पुरेसे फोन आहेत, तेव्हा आकडा अनुभवातून येतो. फोन नाहीत, तेव्हा कंपनी म्हणते, 'गेल्या कित्येक मंगळवारी या वेळी इथे एवढा वेग होता', आणि तो आकडा आपल्यापुढे ठेवते. ती स्मृती. रंग मात्र दोन्हीचा सारखा!

गंमत अशी की विकणाऱ्याला हा भेद ठाऊक असतो. इनरिक्सच्या मालात प्रत्येक आकड्याबरोबर एक खूण येत असे. ३० म्हणजे आत्ताचं निरीक्षण, १० म्हणजे जुन्या माहितीचा आधार, २० म्हणजे दोहोंचं मिश्रण. अनुभव, स्मृती आणि खिचडी. घाऊक गिऱ्हाइकाला ही खूण मिळते. तुमच्या-आमच्या रंगीत रेघेवर ती नसते. आमची मुख्य तक्रार हीच आहे. आकडा चुकतो याबद्दल तक्रार नाही, माणसाचे डोळेही चुकतात. पण आठवण ही प्रत्यक्षाच्या वेषात समोर उभी केली जाते, आणि बघणाऱ्याला ते ओळखण्याचं साधन दिलं जात नाही. शिवाय स्मृती नेहमीच्या दिवशी बरोबर ठरते आणि नेमकी अनपेक्षित दिवशी फसते. झाड पडलं, मोर्चा निघाला, पाइपलाइन फुटली, त्या दिवशी गेल्या मंगळवारची आठवण कुणाला हवी आहे?

यालाच जोडून उशिराचा मुद्दा. रेल्वे फाटक पडलं की पाच-सात मिनिटांत मागे रांग लागते. फोन मंदावले, कंपनीनं ते टिपलं, एकट्यादुकट्या फोनवर विसंबू नये म्हणून काही मिनिटांची सरासरी घेतली, मग रेघ लाल झाली. तोवर फाटक उघडलेलं असू शकतं. लाल रेघ खरी होती, पण मघाची. म्हणून 'किती अचूक' याबरोबर 'किती शिळं' हेही मोजावं लागतं. परदेशी अभ्यासकांनी हा उशीर स्वतंत्रपणे तपासला, ते योग्यच केलं.

पुढचा प्रश्न : वेग कुणाचा? आपल्या चौकात सिग्नल लागला की दुचाकीवाले फटीफटीतून पुढे येतात आणि पांढऱ्या पट्टीवर जमतात. मोटार मागे तिसऱ्या रांगेत असते. एकाच रस्त्यावर, एकाच मिनिटाला, दुचाकीचा वेग वेगळा आणि मोटारीचा वेगळा. 'रस्त्याचा वेग' अशी वस्तूच इथे नाही. समृद्धी महामार्गावरही मोटारीला मर्यादा ताशी १२० आणि मालवाहू वाहनाला ८०, तेव्हा सरासरी ही ट्रक किती आणि मोटारी किती यावर हलणार. त्यात आपल्या शेअर रिक्षा. दर पन्नास पावलांवर थांबून प्रवासी घेणार. आत बसलेल्या सर्वांचे फोन एकदम थांबतात, एकदम निघतात. ती कोंडी आहे की धंदा? आणि सिटी बसमध्ये चाळीस फोन असतील तर ते एक वाहन की चाळीस?

हा प्रश्न काल्पनिक नाही. २०२० मध्ये बर्लिनमध्ये सायमन वेकर्ट या कलावंतानं एका हातगाडीत ९९ फोन घातले आणि रिकाम्या रस्त्यावरून तो ती ओढत चालला. नकाशावर रस्ता लाल झाला. तेव्हा गूगलनं सांगितलं की भारत, इंडोनेशिया, इजिप्त अशा काही देशांत आम्ही मोटार आणि दुचाकी यांतला फरक ओळखतो, हातगाडीचं मात्र अजून जमलेलं नाही. उत्तर खेळकर होतं. पण भारतात दुचाकीसाठी स्वतंत्र मार्गदर्शन २०१७ च्या अखेरीस सुरू झालं, याचा अर्थ कंपनीलाही हा भेद महत्त्वाचा वाटला. मग आपण विचारायला हवं : तो ओळखण्यात चूक किती होते? आपल्याकडे हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री हजारो माणसं भद्रा मारुतीच्या दर्शनाला खुलताबादपर्यंत पायी जातात, पंचवीसेक किलोमीटर. प्रत्येकाच्या खिशात फोन, वेग ताशी चार-पाच किलोमीटर. नकाशाला भक्ती आणि कोंडी यांतला फरक कळतो का? (हशा) हसू नका, ती एक उत्तम परीक्षा आहे. त्या रात्री दौलताबादच्या रस्त्यावर उभं राहून नकाशा आणि रस्ता दोन्ही ताडून पाहता येतील.

आता उलट बाजू. रेघेला लाल रंग नाही म्हणजे कोंडी नाही, असं म्हणता येईल का? मीमांसकांनी यावर फार बारीक विचार केला आहे. एखादी वस्तू दिसत नाही, यावरून ती नाही असं केव्हा म्हणायचं? ती असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. उजेडात टेबलावर घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच म्हणता येत नाही. जालना रोडवर इतके फोन फिरतात की तिथे लाल नसणं याला अर्थ आहे. पण जुन्या शहरातल्या गल्लीत, कन्नडच्या पुढच्या एखाद्या गावरस्त्यावर, उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागे, तिथे फोन विरळ. तो अंधार आहे. मोकळा रस्ता आणि न पाहिलेला रस्ता, या दोन गोष्टी एकसारख्या दाखवणं हा तर्कदोष आहे. आणि ज्यांच्या खिशात स्मार्टफोन नाही त्यांचा खोळंबा कुठल्याच आकड्यात येत नाही. निधी मात्र आकड्यांच्या मागे जातो.

आता शहरांच्या क्रमवारीकडे येऊ, कारण वर्तमानपत्रं त्यावर मोठे मथळे देतात. टॉमटॉमच्या २०२३ च्या निर्देशांकात पुणं जगात सातव्या क्रमांकाचं संथ शहर होतं. दहा किलोमीटरला २७ मिनिटं ५० सेकंद. २०२४ च्या निर्देशांकात पुणं चौथं, ३३ मिनिटं २२ सेकंद. एका वर्षात दहा किलोमीटरमागे साडेपाच मिनिटं वाढली? दरम्यान निर्देशांकातली शहरं ३८७ वरून ५०० झाली होती. मथळा वाचणाऱ्यानं आधी विचारायला हवं होतं की रस्ता बदलला की मोजपट्टी? दोन वर्षांची तुलना करायची तर तीच हद्द, तीच पद्धत, त्याच प्रकारची वाहनं हवीत. क्रमांक वर गेला एवढ्यावरून पुणेकरांनी खंत करू नये, आणि आपण यादीत नाही म्हणून आपणही छाती फुगवू नये.

आणखी एक गोष्ट. कोंडीचं माप बहुधा मोकळ्या वेळेच्या तुलनेत काढतात. एका गावात रात्री वेग ६०, दिवसा ३०, म्हणजे वेळ दुप्पट. दुसऱ्या गावात रात्रीही २०, दिवसा १५, म्हणजे वेळ फक्त एक तृतीयांशानं वाढला. कोंडीच्या यादीत पहिलं गाव वाईट ठरतं. पण राहायला, दवाखान्यात पोहोचायला वाईट कुठलं? उघडच दुसरं. अकबर, कूतूर, द्युरांतों आणि स्टोरीगार्ड या चार अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या १५४ शहरांत नकाशा-सेवेकडून २ कोटी २० लाख प्रवासांच्या वेळा घेऊन अभ्यास केला. त्यांना आढळलं की आपल्या शहराशहरांतला वेगाचा फरक मुख्यतः कोंडीमुळे नाही, तर कोंडी नसतानाच्या मूळ वेगामुळे पडतो. म्हणजे रस्त्यांची रुंदी, जाळं, खड्डे, अतिक्रमणं. विकतचा डेटा निरुपयोगी आहे असं आम्ही म्हणत नाही, ते यासाठीच. योग्य प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती तोच डेटा फार मोलाचा ठरतो.

इथे तुम्ही म्हणाल, 'सर, एवढी चिकित्सा कशाला? आम्ही रोज वापरतो आणि वेळेवर पोहोचतो.' हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्यालाही जुनं नाव आहे. नैयायिक म्हणतात की ज्ञानाचं प्रामाण्य बाहेरून, परतः कळतं. पाणी दिसलं, गेलो, प्यालो, तहान भागली, म्हणजे दिसलं ते पाणीच होतं, मृगजळ नव्हतं. वात्स्यायनानं न्यायभाष्याच्या आरंभीच हे प्रवृत्तीचं साफल्य सांगितलं आहे. पण नकाशाच्या बाबतीत ही कसोटी अर्धीच लागू पडते. नकाशानं सांगितलं, जालना रोड टाळा, बीड बायपासनं जा. तुम्ही गेलात, पोहोचलात. जालना रोडवर काय झालं असतं, ते तुम्ही पाहिलंच नाही. एका विहिरीचं पाणी प्यालात, दुसरीचं चाखलंच नाही. शिवाय सगळ्यांनाच बायपासचा सल्ला मिळाला तर बायपास भरतो आणि जालना रोड मोकळा होतो. पाण्याकडे पाहिल्यानं पाणी आटत नाही. लाल रेघेकडे सगळ्यांनी पाहिल्यानं मात्र रस्ता बदलतो. म्हणून वापरणाऱ्याचं समाधान ही एक साक्ष आहे, ती परीक्षा नव्हे. परीक्षेला स्वतंत्र माप लागतं.

ते माप आपल्या हाताशी आहे का? आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेरे दोन ठिकाणी नंबरप्लेट टिपून सरासरी वेग काढतात. समृद्धीवर सावंगीला किंवा माळीवाड्याला वाहन आत शिरतं आणि दुसरीकडे बाहेर पडतं, त्या दोन्ही वेळांची नोंद टोलसाठी होते. फास्टॅग २०२१ पासून सक्तीचा आहे. नावं-नंबर काढून टाकून या वेळा ताडल्या तर महामार्गावरच्या विकतच्या वेगाची तपासणी फारशा खर्चाशिवाय होईल. आमची अपेक्षा अशी की तिथे तो डेटा बराच चांगला ठरेल, कारण सिग्नल नाहीत आणि वाहनं मोजक्याच ठिकाणी आत-बाहेर करतात. शहरात मात्र निराळी पद्धत लागेल. अभियांत्रिकीची दहा-बारा मुलं क्रांती चौकात आणि तेवढीच सेव्हन हिल्सपाशी वही-घड्याळ घेऊन बसवा. नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे आणि वेळ लिहा, दुचाकी आणि मोटार वेगळ्या रकान्यांत. संध्याकाळी जोड्या लावा. एखादा मधे चहाला थांबला असेल, तो हिशेबातून काढा, पण का काढला ते लिहून ठेवा. त्याच वेळी दर पाच मिनिटांनी नकाशाचा अंदाज टिपा. काम झालं की नंबर नष्ट करा. आठवडाभर हे केलं तर आपल्या गावाला आपलं स्वतःचं माप मिळेल. नवे फोन ब्लूटूथची ओळख सतत बदलत राहतात, त्यामुळे अमेरिकेची ती युक्ती आता अवघड झाली आहे. वही-पेन्सिलीला तो त्रास नाही.

आणि सार्वजनिक पैशानं हा माल घेणाऱ्या यंत्रणेनं विकणाऱ्याला पाच प्रश्न लेखी विचारावेत, उत्तरं करारात घालावीत. हा आकडा अनुभवाचा की स्मृतीचा? किती वाहनांवरून काढला? कोणत्या वाहनांचा? किती मिनिटं जुना? आणि ताशी २० च्या खाली खरा वेग असताना चूक किती, व कुठल्या बाजूची? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण उड्डाणपूल बांधायचा की दरवाजाशेजारून वाट काढायची, सिग्नलची वेळ बदलायची की हातगाड्यांना जागा द्यायची, हे सगळं त्या २० च्या खालच्या पट्ट्यात ठरतं. उत्तर 'व्यापारी गुपित' असं आलं तर त्या आकड्यावर कोटींचा निर्णय घेऊ नये, एवढं तरी नागरिक म्हणून आपण म्हणू शकतो.

तुमच्यापैकी अभियांत्रिकीचे विद्यार्थी किंवा शिक्षक असतील, त्यांनी तो क्रांती चौक-सेव्हन हिल्सचा प्रयोग खरोखर करून पाहावा. दिवस एक आठवडी बाजाराचा घ्या, एक साधा घ्या आणि एक सणाचा. निष्कर्ष काहीही आले, नकाशाच्या बाजूनं किंवा विरुद्ध, तरी ते याच व्यासपीठावर मांडावेत. आम्ही श्रोत्यांत बसून ऐकू.